सर्व्हर आपणहून बोलतो तेव्हा

१२९, २, ५४, ५६.

गच्चीवरच्या टाकीत ६८ टक्के पाणी आहे, हे सांगायला एवढे चार आकडे पुरतात. पहिला म्हणतो, हा निरोप मजकुराचा आहे आणि इथेच संपतो. दुसरा म्हणतो, पुढे दोनच अक्षरं आहेत. उरलेले दोन म्हणजे संगणकाच्या लेखी इंग्रजी सहा आणि आठ. टाकीजवळ एका डबीत बसवलेली इवलीशी चिप हे चार बाइट हवेत सोडते आणि तळमजल्यावर कुणाच्या तरी फोनवर उघडं असलेलं पान त्याच क्षणी ६७ चं ६८ होतं. पान कुणी रिफ्रेश केलेलं नसतं. फोनने काही विचारलेलंही नसतं. पाणी वाढलं, चिपने सांगितलं.

यात नवल ते काय, असं कुणी म्हणेल. शेअर बाजाराचे हलते भाव, क्रिकेटचा धावफलक, संगणकावर उघडलेलं व्हॉट्सॲप, सगळीकडे हेच तर दिसतं. नवल असं, की वेबच्या मूळ घडणीत सर्व्हरला आधी बोलायची मुभाच नव्हती. ती मिळेपर्यंत वीसेक वर्षं गेली. आणि मिळाल्यावर पाचच वर्षांत ती पाचशे रुपयांच्या आसपास मिळणाऱ्या एका बोर्डावर येऊन बसली.

टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत वेबची मांडणी केली ती शास्त्रज्ञांना एकमेकांचे दस्तऐवज वाचता यावेत म्हणून. त्यासाठी केलेला एचटीटीपीचा नियम साधा होता: ब्राउझरने मागायचं, सर्व्हरने द्यायचं, जोडणी बंद. सरकारी कचेरीतल्या खिडकीसारखाच हा कारभार. विचारलंत तर उत्तर मिळेल. पण तुमचं काम झाल्यावर खिडकी तुम्हाला हाक मारणार नाही, आणि पाच मिनिटांनी परत गेलात तर नाव-गाव पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागेल. हा विसराळूपणा मुद्दाम ठेवलेला होता आणि त्यात शहाणपणही होतं. कुणालाच लक्षात ठेवायचं नसल्यामुळे एकच सर्व्हर हजारोंना तोंड देऊ शकत होता. दस्तऐवज काही मिनिटामिनिटाला बदलत नाहीत.

कॉफीचं भांडं मात्र बदलतं. केंब्रिज विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत 'ट्रोजन रूम' नावाच्या खोलीबाहेर कॉफीचं एकच यंत्र होतं. वरच्या मजल्यांवरची माणसं जिने उतरून यायची आणि भांडं रिकामं बघून परत जायची. १९९१ मध्ये क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर आणि पॉल जार्डेट्स्की यांनी त्या भांड्यावर कॅमेरा रोखला आणि त्याचं १२८ बाय १२८ ठिपक्यांचं करड्या रंगाचं चित्र सहकाऱ्यांच्या पडद्यांवर पोचवलं. चित्र मिनिटाला तीनेक वेळा बदलायचं. भांडं हळूहळू भरतं, त्यामुळे तेवढं पुरे. आणि चित्र करडं असलं तरी कॉफीही तशीच असायची, असं स्टॅफर्ड-फ्रेझर यांनीच नंतर गमतीत लिहून ठेवलं आहे. हे सगळं प्रयोगशाळेच्या आतल्या जाळ्यावर, त्यांच्या स्वतःच्या पद्धतीने चालायचं. १९९३ च्या नोव्हेंबरात ते वेबवर आलं आणि जगातला पहिला वेबकॅम म्हणून गाजलं. पण वेबवर आल्याबरोबर वेबचा नियम लागू झाला. आता भांडं पाहायचं तर दर वेळी नव्याने मागणी करायची, आणि त्या क्षणापुरतं एक चित्र घ्यायचं. २२ ऑगस्ट २००१ ला कॅमेरा बंद झाला. ते यंत्र 'डेर श्पीगल' या जर्मन साप्ताहिकाच्या संकेतस्थळाने लिलावात ३,३५० पौंडांना घेतलं. माझ्या मते मोल आलं ते योग्यच.

मधल्या काळात लोकांनी जे उपाय काढले ते पाहिले की हसूही येतं आणि कौतुकही वाटतं. सगळ्यात सरळ उपाय म्हणजे दर सेकंदाला विचारत राहायचं. आपल्या टाकीचा हिशेब करून पाहा. दिवसात ८६,४०० सेकंद. ब्राउझरच्या प्रत्येक मागणीबरोबर मी कोण, कुठल्या भाषा चालतील, कुकी काय, अशी प्रस्तावना जाते आणि ती सहाशे बाइटांची तर सहज होते. म्हणजे दिवसाला पन्नास एमबीहून जास्त नुसती विचारपूस, आणि त्यातली बहुतेक उत्तरं एकच: 'अजून तेवढंच आहे.' दुसरा उपाय जास्त बेरकी होता. ब्राउझरने विचारायचं आणि सर्व्हरने उत्तर द्यायचंच नाही, प्रश्न तसाच लोंबकळत ठेवायचा. काही घडलं की मगच उत्तर. ते मिळताच ब्राउझरने लगेच पुढचा प्रश्न टांगून ठेवायचा. ॲलेक्स रसेल यांनी २००६ मध्ये अशा सगळ्या युक्त्यांना मिळून 'कॉमेट' असं नाव दिलं. नियम पाळल्यासारखा दाखवून मोडायची ही तऱ्हा आपल्याला काही अनोळखी नाही.

२००८ मध्ये मायकेल कार्टर आणि इयन हिक्सन यांच्या चर्चेतून 'वेबसॉकेट' हे नाव आणि त्यामागची कल्पना पुढे आली. एचटीटीपीनेच ओळख करून घ्यायची, पण एकदा ओळख पटली की त्याच जोडणीवरून एचटीटीपीला निरोप द्यायचा आणि पुढे दोन्ही बाजूंनी हवं तेव्हा बोलायचं. २००९ च्या डिसेंबरात गूगलने क्रोममध्ये ते आणलं आणि दोन वर्षांनी, डिसेंबर २०११ मध्ये, आरएफसी ६४५५ या क्रमांकाने त्याचं प्रमाण पक्कं झालं.

ही ओळख पटवण्याची रीत मला सगळ्यात जास्त आवडते. ब्राउझर सोळा बाइटांचा एक कुठलाही आकडा काढतो, तो बेस-६४ या लिपीत चोवीस अक्षरांत लिहितो आणि मागणीबरोबर पाठवतो: मला जोडणी बदलायची आहे, ही घे माझी खूण. सर्व्हरने त्या चोवीस अक्षरांना छत्तीस अक्षरांची एक ठरलेली माळ चिकटवायची. ही माळ '२५८' या आकड्यांनी सुरू होते, तिला स्वतःचा काहीच अर्थ नाही, आणि ती जगातल्या प्रत्येक वेबसॉकेट सर्व्हरच्या पोटात जशीच्या तशी असते, मग तो गूगलच्या डेटा सेंटरमधला असो की गच्चीवरचा. ही साठ अक्षरं 'शा-१' नावाच्या गणिती चक्कीतून दळायची. वीस बाइटांचं पीठ निघतं. ते पुन्हा बेस-६४ मध्ये लिहिलं की अठ्ठावीस अक्षरं होतात. ती '१०१' या उत्तराबरोबर परत पाठवायची. १०१ म्हणजे 'मान्य, भाषा बदलतो'. ब्राउझरने आपल्या बाजूला हाच हिशेब करून ठेवलेला असतो. दोन्ही उत्तरं जुळली की पुढची बोलणी.

'शा-१' सुरक्षेसाठी मोडीत निघाल्याचं २०१७ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी आणि गूगलने दाखवून दिलं. इथे त्याने काही बिघडत नाही, कारण इथे लपवायचं काहीच नाही. माळ सगळ्यांना ठाऊक आहे, खूणही उघडी आहे. सर्व्हरला वेबसॉकेट खरंच कळतं, तो एखादा भलताच सर्व्हर असून चुकून 'हो' म्हणत नाहीये, एवढंच यातून सिद्ध करायचं असतं. जाता जाता: प्रमाणात नमुन्यादाखल जी चोवीस अक्षरी खूण छापली आहे ती वाचता न येणारी वाटते. पण बेस-६४ मधून सोडवली की साध्या इंग्रजीत 'द सॅम्पल नॉन्स' असं वाक्य निघतं. मधल्या जागा धरून बरोबर सोळा अक्षरं.

ओळख पटल्यावर जी भाषा सुरू होते ती इतकी काटकसरी आहे की पहिल्यांदा पाहताना काहीतरी राहून गेलंय असं वाटतं. सर्व्हरकडून जाणाऱ्या छोट्या निरोपाचं हेडर दोन बाइटांचं. पहिल्या बाइटमध्ये '१२८' म्हणजे निरोप पूर्ण, त्यात '१' म्हणजे मजकूर, बेरीज १२९. दुसऱ्या बाइटमध्ये लांबी. लांबी १२५ पर्यंत असली तर तोच आकडा लिहायचा. तिथे १२६ लिहिलं तर अर्थ असा की खरी लांबी पुढच्या दोन बाइटांत आहे. १२७ लिहिलं तर पुढच्या आठ बाइटांत.

देवनागरीत लिहिणाऱ्यांसाठी यात एक गंमत आहे. आपलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त ही स्वतंत्र चिन्हं. 'न' म्हणजे २२४, १६४, १६८. 'नमस्कार' मध्ये अशी सात चिन्हं, म्हणजे २१ बाइट. हेडर धरून २३. सलग एकेचाळीस चिन्हांचा मजकूर १२३ बाइटांत बसतो आणि दोन बाइटांच्या हेडरवर भागतं. बेचाळिसावं चिन्ह आलं की लांबी नेमकी १२६ होते, आणि हेडर चार बाइटांचं करावं लागतं. टाकीचे टक्के इंग्रजी आकड्यांत पाठवले तर चार बाइट, मराठी आकड्यांत पाठवले तर आठ. मी मराठी आकड्यांच्या बाजूने आहे. चार बाइटांनी वायफाय काही थकत नाही. शिवाय खाली टीसीपी आणि आयपीची चाळीस बाइटांची वेष्टणं असतातच, त्यामुळे एवढ्या कंजूषपणाचा टेंभा फार मिरवण्यात अर्थ नाही.

ब्राउझरकडून सर्व्हरकडे येणारी फ्रेम, म्हणजे हेडरसकट निरोप, मात्र वेगळी असते. ब्राउझर दर फ्रेमसाठी चार बाइटांची नवी किल्ली काढतो, मजकुराचा एकेक बाइट तिच्याशी 'एक्सॉर' करतो, आणि ती किल्ली त्याच फ्रेममध्ये, मजकुराच्या आधी, उघडी पाठवून देतो. इंग्रजी 'एच' चा आकडा ७२. किल्लीचा पहिला बाइट ५५ असेल तर दोघांचं एक्सॉर १२७. सर्व्हर त्या १२७ चं पुन्हा ५५ शी एक्सॉर करतो आणि ७२ परत मिळतो. मग हा खटाटोप कशाला? उत्तर २०१० सालात आहे. लिन-शुंग हुआंग, ॲडम बार्थ, एरिक रेस्कोर्ला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की वाटेतले काही मध्यस्थ प्रॉक्सी ही नवी भाषा न कळल्यामुळे फसू शकतात. एखादं दुष्ट पान ब्राउझरकडून असे बाइट पाठवून घेईल, की प्रॉक्सीला ती साधी एचटीटीपी मागणी वाटेल आणि तो खोटं उत्तर साठवून दुसऱ्यांना वाटत सुटेल. त्या डिसेंबरात मोझिलाने येऊ घातलेल्या फायरफॉक्स ४ मधून वेबसॉकेट बंद केलं, ऑपेरानेही तेच केलं. किल्लीने मजकूर झाकायची ही रीत, म्हणजे मास्क, हा त्यावरचा उतारा. किल्ली ब्राउझर ऐनवेळी काढतो, त्यामुळे तारेवर नेमके कुठले बाइट जातील हे पान लिहिणाऱ्याला आधी ठरवता येत नाही. किल्ली उघडी असली तरी बेहत्तर.

आता चिपकडे. लहान वेब सर्व्हरची हौस जुनी आहे. १९९९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या एच. श्रीकुमार यांनी काडीच्या गुलाएवढा वेब सर्व्हर करून दाखवला होता. आठ पायांची पिक मालिकेतली चिप, आणि तिच्यात कामापुरती मेमरी ४१ बाइट. म्हणजे तिच्यात दोनदा 'नमस्कार' सुद्धा मावला नसता! त्याच सुमारास स्वीडनच्या संगणकशास्त्र संस्थेत ॲडम डंकेल्स यांनी इंटरनेटची सगळी बोलणी काही किलोबाइटांत बसवायचा ध्यास घेतला होता. त्यांनी लिहिलेलं 'एलडब्ल्यूआयपी' आज असंख्य उपकरणांच्या आत आहे, आणि आपल्या गच्चीवरच्या चिपमध्येही तेच आहे.

ही चिप म्हणजे शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीने २०१६ मध्ये आणलेली ईएसपी३२. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर तिचा बोर्ड मिळतो. धातूच्या झाकणाखालचा मॉड्यूल १८ बाय २५.५ मिलिमीटर. आत २४० मेगाहर्ट्झपर्यंत धावणारे दोन प्रोसेसर, वायफाय, ब्लूटूथ आणि ५२० केबी मेमरी. फोनवर काढलेला एक फोटोही या मेमरीत मावणार नाही. त्यातूनही वायफाय आणि बाकीची व्यवस्था आपला वाटा काढून घेतात. उरलेल्यात सर्व्हर मांडायचा.

आधी पाणी मोजायचं. टाकीतल्या दमटपणात उघड्या तोंडाचा सेन्सर टिकत नाही, म्हणून गाडीच्या मागच्या बंपरला असतो तसा एका डोळ्याचा, पाणी न शिरणारा सेन्सर झाकणाला लावायचा. तो ४० किलोहर्ट्झचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज खाली सोडतो आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागला ते सांगतो. वीसेक सेंटिमीटरच्या आतलं त्याला दिसत नाही, त्यामुळे भरलेल्या पाण्यापासून तो तेवढा वर हवा. सेन्सर पाच व्होल्टवर चालत असेल तर त्याचं उत्तरही पाच व्होल्टचं येतं. चिपच्या पायांना ३.३ पुरे, म्हणून मध्ये दोन रेझिस्टर टाकून व्होल्टेज उतरवायचं. पाणी एक मीटर खाली असेल तर आवाजाला जाऊन-येऊन सुमारे सहा मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात चिपचं घड्याळ जवळपास चौदा लाख ठोके देतं. आवाज टाकीत खाली-वर करत असतो आणि या बाजूला चौदा लाख ठोके पडून जातात. हा आकडा मी मांडतो तेव्हा दर वेळी शून्यं पुन्हा मोजून पाहतो.

मग चिपने घरच्या वायफायला जोडून घ्यायचं. राउटर तिला पत्ता देतो, पण तो आकड्यांचा, आणि कधीही बदलू शकणारा. म्हणून एमडीएनएस. 'टाकी डॉट लोकल कोण आहे?' असा प्रश्न फोन २२४.०.०.२५१ या सामाईक पत्त्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असा टाकतो आणि चिप आपला हात वर करते. जुन्या अँड्रॉइड फोनच्या ब्राउझरला हे जमत नाही, तिथे आकड्यांचाच पत्ता घालावा लागतो.

सर्व्हर मांडायचा म्हणजे पोर्ट ८० वर दोन दारं उघडायची. पहिल्या दारावर साधं एचटीटीपी: आलेल्याला फ्लॅशमध्ये ठेवलेलं छोटं पान द्यायचं. त्या पानातल्या चार ओळींच्या जावास्क्रिप्टने दुसऱ्या दारावर वेबसॉकेट उघडायचं आणि जो आकडा येईल तो मोठ्या अक्षरांत दाखवायचा. एस्प्रेसिफच्या स्वतःच्या साधनसंचात वेबसॉकेटची सोय असते, पण ती मुळात बंद असते. सेटिंगमध्ये जाऊन ती चालू करावी लागते आणि दार नोंदवताना हे वेबसॉकेटचं आहे असं सांगावं लागतं. ओळख पटवणं, ती छत्तीस अक्षरांची माळ, दळण, हे सगळं पुढे तोच करतो. अर्ड्युइनोवर काम करणाऱ्यांसाठी असिंक वेब सर्व्हरची तयार लायब्ररी आहे. तिथे सर्वांना एकदम निरोप धाडायला एकच आज्ञा पुरते.

सेन्सर वाचणारं काम आणि सर्व्हरचं काम चिपवर वेगवेगळी चालतात. सेन्सरवाल्याने थेट जोडणीत हात घालायचा नाही. निरोप सर्व्हरच्या रांगेत टाकायचा, सर्व्हर आपल्या सवडीने पाठवील. सवड म्हणजे मिलिसेकंदांची. आणि आकडा बदलला तरच रांगेत टाकायचा, नाहीतर दर सेकंदाच्या विचारपुशीतून सुटून आपण दर सेकंदाच्या निरोपात अडकलो असं होईल.

येणाऱ्या फ्रेमची लांबी आधी विचारायची, मग तेवढी जागा मागायची, मग मजकूर उचलायचा, अशी त्या साधनसंचाची शिस्त आहे. ती का, ते मघाच्या आठ बाइटांच्या लांबीकडे पाहिलं की कळतं. प्रमाणाप्रमाणे एका फ्रेममध्ये ९२२ वर सोळा शून्यं, साधारण एवढे बाइट असू शकतात. आणि समोर बसली आहे ५२० केबीची चिप. कुणी गमतीने किंवा वाईट हेतूने तेवढी लांबी लिहून पाठवली आणि आपण भाबडेपणाने तेवढी जागा मागायला गेलो, तर चिप तिथेच कोलमडते. शंभर बाइटांपेक्षा मोठं काही आलं तर जोडणी तोडायची, असं मर्यादेचं वाक्य पहिल्या दिवसापासून हवं.

एका वेळी किती जण टाकी पाहू शकतील? एस्प्रेसिफच्या सर्व्हरची नेहमीची मर्यादा सात जोडण्यांची. सॉकेट एकूण दहा, त्यातले तीन सर्व्हर स्वतःच्या कामाला ठेवतो. सात पुरेसे वाटतात. पण फोनवर पान उघडं ठेवून माणूस वायफायच्या बाहेर गेला तर? फोन 'येतो' म्हणत नाही. टीसीपीच्या दृष्टीने शांतता आणि गैरहजेरी यांत फरक नसतो, निदान काही पाठवून पाहीपर्यंत तरी. चिपला वाटत राहतं की सातही जण समोर बसले आहेत, आणि आठवा माणूस दारातून परत जातो. रात्री सोडून सकाळी पाहावं तर सर्व्हर 'बंद' पडलेला, आणि चिप मात्र ठणठणीत. या क्षेत्रातल्या कितीतरी तक्रारींचं मूळ एवढंच असतं.

यावर प्रमाणात पिंग आहे. १३७, ०. दोनच बाइट: 'आहेस का?' ब्राउझरने पाँगने उत्तर द्यायचंच असतं, आणि ते तो आपसूक देतो. पानातल्या जावास्क्रिप्टला त्याची खबरही लागत नाही. ते उत्तर सहा बाइटांचं असतं. १३८, १२८, आणि पुढे मास्कची चार बाइटांची किल्ली. मजकूर शून्य, म्हणजे मास्क करायला काहीच नाही, तरी नियम म्हणजे नियम. दर काही सेकंदांनी पिंग पाठवायचं, दोन-तीनदा उत्तर आलं नाही की जोडणी काढून टाकायची. शिवाय जागा भरल्यावर सगळ्यात जास्त वेळ गप्प असलेल्याला हटवायचं, अशीही सोय सर्व्हरमध्ये आहे.

'रिअल टाइम' म्हणताना जरा बेताने म्हणावं, याला आणखी एक कारण आहे. वीज वाचवायला चिपचा वायफाय रेडिओ मधेमधे डुलकी घेतो आणि राउटरच्या बीकनच्या वेळी जागा होतो. हे बीकन सहसा १०२.४ मिलिसेकंदांनी येतात. त्यामुळे फोनकडून येणारी आज्ञा दहावा भाग सेकंद अडकून राहू शकते. टाकीला त्याने काय फरक पडणार! पण रोबो चालवायचा असेल तर डुलकी बंद करण्याची एक ओळ लिहायची आणि थोडी जास्त वीज सोसायची.

इथवर चिप फक्त सांगत होती. पानावर 'पंप चालू' असं बटण ठेवलं की हिशेब बदलतो. ब्राउझर साध्या मागण्यांवर परक्या संकेतस्थळांसाठी जी बंधनं घालतो, ती वेबसॉकेटला तशी लागू होत नाहीत. घरातल्या कुणी भलतंच एखादं पान उघडलं, तर त्या पानातली जावास्क्रिप्ट घरच्या जाळ्यावरच्या चिपशी वेबसॉकेट उघडायचा प्रयत्न करू शकते. ब्राउझर एक मात्र करतो: जोडणी मागताना ती कुठल्या पानाने मागितली हे 'ओरिजिन' या हेडरमध्ये लिहितो, आणि पानाला ते खोडता येत नाही. म्हणून पहिल्या मागणीतलं ओरिजिन आपलंच आहे का ते चिपने पाहायचं, नसेल तर ४०३ देऊन दार लावायचं. ब्राउझर सोडून दुसऱ्या प्रोग्रॅममधून आलेला माणूस ओरिजिन वाटेल ते लिहील, त्याच्यासाठी पासवर्ड वेगळा. आणि पासवर्ड उघड्या वायफायवर जाऊ नये म्हणून टीएलएस हवं, तर तशा प्रत्येक जोडणीमागे तीस-चाळीस केबी मेमरी जाते. सात जणांची सोय मग दोघा-तिघांवर येते. घरच्या टाकीसाठी दोघे-तिघे मला पुरेसे वाटतात.

पंपाचा रिले चिपकडे दिला तरी फ्लोट स्विच त्याच्या वायरीतच, चिपला न विचारता पंप तोडेल असा ठेवायचा. आणि सेन्सरचं वाचन यायचं थांबलं तर चिपने फोनची वाट न पाहता रिले सोडून द्यायचा. हा निर्णय वायफाय बंद असतानाही तिला घेता यायला हवा.